वनक्षेत्रातील शिळावर्तुळांचे गवेषण : हंगाम कोणता आणि परवानगी कोणाची?

पेंचकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी पुरातत्त्वशास्त्रात पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी केली असून नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी आणि रामटेक तालुक्यांमधील महापाषाणीय (मोठ्या दगडांनी केलेल्या प्राचीन दफनांच्या) अवशेषांचे गवेषण, म्हणजे न खोदता जमिनीवर फिरून घेतलेला शोध, हा माझा विषय आहे. या जिल्ह्याचे महत्त्व इथल्या सदस्यांना वेगळे सांगायला नको. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, माहूरझरीला घोड्याच्या अवशेषांसोबत तांब्याचे अलंकार मिळाले आणि जुनापाणीची शिळावर्तुळे (दफनाभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड) तर एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना माहीत आहेत. परंतु आजवरच्या बहुतेक नोंदी गावांच्या शिवारांतल्या, माळांवरच्या आणि रस्त्यालगतच्या आहेत. त्यांच्या मधोमध पसरलेला राखीव जंगलाचा पट्टा आपल्या नकाशांवर जवळजवळ कोराच आहे. तो कोरा आहे याचा अर्थ तिथे काही नाही असा घ्यायचा, की तिथे कोणी चाललेच नाही असा, हा माझ्या प्रबंधाचा मूळ प्रश्न आहे.

अडचण अशी आहे की हंगामाबद्दल मला तीन ठिकाणी तीन वेगवेगळे सल्ले मिळाले. माझ्या मार्गदर्शकांच्या मते सगळे क्षेत्रकार्य डिसेंबर-जानेवारीत उरकावे, कारण विभागाची पद्धतच तशी आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी केली तेव्हा १५ फेब्रुवारीनंतर वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा त्याच्या आत काय ते करा, असे सांगण्यात आले. एका ज्येष्ठ संशोधकांनी मात्र जंगलातली जमीन मे महिन्याखेरीज दिसतच नाही असे ठामपणे सांगितले. याशिवाय दोन शंका आहेत. केवळ पायी फिरून नोंदी करायच्या असतील, खोदकाम अजिबात करायचे नसेल, तर वनविभागाची परवानगी पुरेशी होते का? आणि पृष्ठभागावर सापडलेली खापरे किंवा दगडी अवजारे नमुना म्हणून उचलता येतात का? माझ्या क्षेत्राचा काही भाग मानसिंगदेव अभयारण्य आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला लागून आहे, हेही लक्षात घ्यावे. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

खापरखुणा (प्रतिसाद)

आपल्याला तिघांनी तीन महिने सांगितले आणि तिघांचेही बरोबर आहे, कारण तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी वस्तू आहे. जंगलात काम करताना महिना आधी ठरवून चालत नाही. आधी आपण काय शोधत आहोत ते ठरवावे लागते, मग महिना आपोआप ठरतो.

आपल्याला शिळावर्तुळांसारखी रचना शोधायची असेल तर दृष्टी दूरवर जायला हवी. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कमरेइतके असते, कुसळे कपड्यांतून आत शिरतात आणि दहा पावलांवरचा गोटाही दिसत नाही. तो काळ सोडूनच द्यावा. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून आडवे होऊ लागते, परंतु सागाची पाने अजून झाडावरच असतात. सागाची पानगळ झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल एकदम मोकळे होते आणि उतारावर उभे राहून समोरच्या टेपावरचे मोठे दगड ओळखता येतात. म्हणजे रचना शोधण्यासाठी हा उत्तम काळ. पण नेमक्या त्याच वेळी ती सगळी पाने जमिनीवर येतात, आणि सागाचे पान किती मोठे असते हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या पालापाचोळ्याच्या थराखाली खापरे, सूक्ष्मास्त्रे (अगदी लहान दगडी अवजारे), मणी यांपैकी काहीही दिसत नाही. लहान वस्तूंसाठी म्हणूनच आपले ज्येष्ठ मित्र मे महिना सांगतात. खरे तर त्याहूनही चांगले दिवस मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींनंतरचे असतात. धूळ धुऊन निघते, गारगोटीच्या कडा चमकतात आणि गवत अजून उगवलेले नसते. मात्र हे दिवस फार थोडे असतात आणि त्यांचा नेम नसतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात २०२२ साली जे गवेषण केले त्याच्या तारखा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. २० मे ते २७ जून या काळात ताला परिक्षेत्रातील सुमारे १७० चौरस किलोमीटरचा भाग पायाखाली घालण्यात आला आणि २६ लेणी, २६ मंदिरे किंवा त्यांचे अवशेष, २ मठ, २ स्तूप, २४ ब्राह्मी लेख, ४६ मूर्ती आणि १९ जलसंरचनांची नोंद झाली. त्याआधीचे तिथले पद्धतशीर काम १९३८ सालचे होते. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत ते लेख काही कुठे गेले नव्हते. तिथपर्यंत जाण्याची व्यवस्था झाली नव्हती. आपल्या कोऱ्या नकाशाचे उत्तर मला तरी याच दिशेने दिसते.

आता जंगलात पुस्तकाबाहेरच्या दोन-तीन जागा असतात, त्या सांगतो. पहिली म्हणजे जाळरेषा. वणव्याचे दिवस सुरू होण्याआधी वनविभाग ठरलेल्या रेषांवरचे गवत आणि पाचोळा काढून, जाळून, जमीन उघडी करतो. म्हणजे आपल्यासाठी जंगलातून आरपार गेलेला एक स्वच्छ पट्टा आयताच तयार होतो. तो तयार झाल्यावर आणि पानगळ पूर्ण होण्याआधी, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पूर्वार्धात, त्यावरून सावकाश चालत गेल्यास सागाच्या जंगलातही खापरे दिसतात. दुसरी जागा म्हणजे मृदसंधारणासाठी खोदलेले सलग समतल चर आणि रोपवनाचे खड्डे. चराच्या बाजूला टाकलेली माती आणि चराची उभी भिंत हे आपण न खोदता मिळालेले छेदच आहेत. मातीचा रंग कुठे बदलतो, राखेचा पट्टा आहे का, हे तिथे पाहावे. तिसरी जागा तलावांच्या काठांची. एप्रिल-मेमध्ये पाणी आटले की एरवी बुडालेली जमीन उघडी पडते.

शिळावर्तुळ ओळखण्याबद्दलही थोडे सांगतो, कारण जंगलात पूर्ण वर्तुळ क्वचितच दिसते. बहुधा तीन-चार गोटे एका कमानीत, अर्धे मातीत गेलेले, आणि मधल्या भरावावर एखादे धावड्याचे किंवा ऐनाचे झाड उभे असते. मधला भाग भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच आहे का आणि त्यात मुठीएवढ्या गोट्यांचा भराव आहे का हे पाहावे. काळ्या पाषाणाच्या भागात निसर्गतःच गोल झिजलेले गोटे जमिनीतून वर आलेले असतात आणि ते वर्तुळासारखे भासतात. असा गोटा खालच्या खडकाशी जोडलेला असतो, मांडलेला गोटा मातीवर टेकलेला असतो. गवळ्यांच्या जुन्या वाड्यांची कुंपणे आणि वनहद्दीचे बुरुज हेही नवख्या माणसाला चकवतात. आपल्या क्षेत्रात आणखी एक चकवा आहे. मनसर, कांद्री या बाजूला मॅंगनीजच्या खाणी आहेत आणि त्या खनिजाचे काळे, जड तुकडे दूरवर विखुरलेले मिळतात. ते लोखंडाच्या मळीसारखे, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या टाकाऊ पदार्थासारखे, दिसतात. मळीच्या तुकड्यावर बुडबुड्यांची भोके आणि वितळून ओघळल्याच्या खुणा असतात. खनिज आतून-बाहेरून घट्ट असते. नैकुंडच्या परिसरात काम करताना ही पारख नसेल तर प्रत्येक ओढ्यात भट्टी सापडू लागेल.

---

साजाधावडा (प्रतिसाद)

मी वनविभागातून निवृत्त झालो असून सेवेतील बराच काळ विदर्भातील प्रादेशिक वनविभागांत काढला आहे. परवानगीचा भाग मी सांगतो, कारण संशोधक मंडळी बहुधा तिथेच अडकतात आणि मग वनविभागाला दोष देतात.

प्रथम हे लक्षात घ्यावे की पुरातत्त्वाची परवानगी आणि वनाची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाल्यासारखी होत नाही. गवेषणाचा प्रस्ताव आपल्या संस्थेमार्फत पुरातत्त्व खात्याकडे जाईल आणि तिथला क्षेत्रकार्याचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो, हे आपले मार्गदर्शक जाणतातच. प्रादेशिक वनक्षेत्रासाठी अर्ज उपवनसंरक्षकांकडे करावा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पाऊल टाकायचे असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली वैज्ञानिक संशोधनासाठीचा परवाना लागतो आणि तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात येतो. आपले क्षेत्र हद्दीला लागून आहे असे आपण म्हणता. जंगलात हद्द रंगवलेली नसते, त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच वेळी करून ठेवावेत. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने न जाता विभागप्रमुखांच्या सहीने जावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात गावांची नावे लिहून थांबू नये, कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाचे पाडलेल्या भागांचे क्रमांक) लिहावेत. गावाचे नाव वाचून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला काहीच बोध होत नाही. कक्ष क्रमांक दिसला की कोणता वनरक्षक सोबत द्यायचा हे तो लगेच ठरवू शकतो. कक्षांचे नकाशे विभागीय कार्यालयात पाहायला मिळतात.

नमुने उचलण्याबद्दल स्पष्ट सांगतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वनोपजाच्या व्याख्येत जंगलातून आणलेला खडक आणि पृष्ठभागावरची मातीसुद्धा येते. आपल्या दृष्टीने ती हातकुऱ्हाड असेल, नाक्यावरच्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो राखीव वनातून नेलेला दगड आहे, आणि कायद्याने तो चूक ठरत नाही. म्हणून नमुने घ्यायचेच असतील तर परवानगीच्या पत्रात तशी अट लिहून घ्यावी, किती आणि कशाचे नमुने ते नमूद करावे, आणि बाहेर पडताना परिक्षेत्र कार्यालयात यादी देऊन पोच घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये. होकार देणारा अधिकारी बदलून जातो, पत्र राहते. खोदकाम हा तर वेगळाच विषय आहे. त्याला पुरातत्त्व खात्याचा परवाना आणि वनविभागाची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि १९८० चा वन संवर्धन कायदा, ज्याचे नाव २०२३ साली बदलले, तोही तिथे लागू होऊ शकतो. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

१५ फेब्रुवारी ते १५ जून या काळाबद्दल गैरसमज आहे. या दिवसांत संशोधकाने जंगलात येऊच नये असा नियम नाही. तेव्हा सगळा कर्मचारीवर्ग वणव्यांवर असतो, आपल्यासोबत द्यायला माणूस नसतो, आणि जंगलात काडी ओढणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाते, इतकेच. त्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा आणि त्यापाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. गावेच्या गावे पहाटेपासून रानात असतात. मोहाखाली माणूस येतो तसे अस्वलही येते, आणि ते पहाटेच येते. तेव्हा उन्हाळ्यात काम करावयाचे असल्यास सूर्य चांगला वर आल्यावर निघावे आणि अकरा-साडेअकराला थांबावे. दिवस लहान होतो हे मान्य, परंतु पर्याय नाही. कपारींमध्ये शिरण्याआधी वर मान करून आग्यामोहोळ आहे का ते पाहावे. वाघाची भीती सगळ्यांनाच असते, मोहोळाची कोणालाच वाटत नाही, आणि माझ्या सेवाकाळात माणसे पळताना पडून जखमी झालेली मी पाहिली ती बहुतेक मोहोळामुळेच.

सोबतच्या वनरक्षकाला केवळ पहारेकरी समजू नये. आपल्या बीटातला प्रत्येक विचित्र दगड त्याला माहीत असतो. त्याला फक्त कोणी विचारलेले नसते.

---

पाँडेरोसा (प्रतिसाद)

मी मूळचा अमरावतीचा असून सध्या अमेरिकेत ॲरिझोना राज्यात याच क्षेत्रात काम करतो. इथल्या राष्ट्रीय वनांमध्ये हंगामी पुरातत्त्वीय काम कसे चालते याची थोडी माहिती देतो. सर्वच गोष्टी आपल्याकडे लागू पडणार नाहीत, पण दोन बाबी विचारात घेण्याजोग्या आहेत.

मूलभूत फरक कायद्याचा आहे. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम १०६ नुसार केंद्रीय यंत्रणेने कोणतेही काम हाती घेण्याआधी त्याचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल हे तपासणे बंधनकारक आहे. त्यामुळे लाकूडतोड असो, रस्ता असो किंवा नियंत्रित आग असो, वनसेवेला (इथल्या केंद्रीय वनविभागाला) आधी तो भाग तपासून घ्यावा लागतो. म्हणजे इथे गवेषण ही विद्यार्थ्याने मागितलेली सवलत नसते, ती वनसेवेचीच गरज असते, आणि म्हणून वनसेवेकडे स्वतःचे पुरातत्त्वज्ञ असतात. बर्फ वितळल्यापासून शरद ऋतूपर्यंत त्यांच्या हाताखाली हंगामी तंत्रज्ञ घेण्याची पद्धत होती. अशा तात्पुरत्या नेमणुकीला वर्षाला १,०३९ तासांची मर्यादा असते. होती असे म्हणतो, कारण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वनसेवेने पुढील आर्थिक वर्षासाठी आग विझवणाऱ्यांखेरीज इतर हंगामी भरती थांबवत असल्याचे जाहीर केले. या नोकऱ्यांना नागरिकत्वाची अट असल्यामुळे मी त्या वाटेने आलो नाही. वनसेवेची कामे कंत्राटाने घेणाऱ्या खाजगी सल्लागार संस्थेत मी काम केले. इकडे शिकायला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हा फरक आधीच समजून घ्यावा.

पहिली विचारात घेण्याजोगी बाब म्हणजे काहीही न सापडल्याची नोंद. आम्ही ठरावीक अंतर राखून, साधारणपणे १५ ते ३० मीटरवर, एका ओळीत चालतो आणि कोणत्या पट्ट्यात कोणत्या दिवशी किती जमीन दिसत होती हे प्रत्येक वेळी लिहितो. पाचोळ्यामुळे जमीन दिसलीच नसेल तर तो पट्टा तपासलेला असला तरी रिकामा ठरत नाही. आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हे निर्णायक आहे. जिथे काही मिळाले नाही तिथे जमीन किती दिसत होती हे आपण लिहिले नाही, तर प्रबंधाच्या शेवटी नकाशा पुन्हा कोराच राहील आणि त्याचा अर्थ पुन्हा कोणालाही लावता येणार नाही.

दुसरी बाब स्थळांच्या गोपनीयतेची. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्याप्रमाणे इथे स्थळांचे नेमके ठिकाण सामान्यतः लोकांना दिले जात नाही. अहवालाच्या सार्वजनिक प्रतीतून नकाशे काढून टाकतात. आपल्याकडे प्रबंधाच्या परिशिष्टात अक्षांश-रेखांशांचे तक्ते छापले जातात आणि ते प्रबंध जालावर कोणीही उतरवून घेऊ शकतो. याचा फेरविचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

---

पेंचकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विशेषतः जमीन किती दिसत होती याची नोंद ठेवण्याची सूचना माझ्या पद्धतीच्या प्रकरणात मी समाविष्ट करणार आहे. हंगामाचीही आता अशी विभागणी सुचते: जानेवारीअखेरपासून जाळरेषा, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमतील तितक्या उतारांवरच्या रचना, आणि शक्य झाल्यास जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निवडक कक्षांची पुन्हा पाहणी.

मात्र गोपनीयतेच्या मुद्द्यावर मी गोंधळात पडले आहे. ठिकाणे लपवावीत, की वनविभागाला सांगावीत? सांगितल्यास ती फुटणार नाहीत याची खात्री काय?

---

खापरखुणा

पाँडेरोसा यांची काळजी मला पूर्णपणे मान्य आहे. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे किती शिळावर्तुळे पोखरली गेली आहेत हे मी पाहिले आहे. बरोबर मध्यभागी पुरुषभर खड्डा, काठावर सुकलेली लिंबे आणि हळदकुंकू, आणि बाहेर फेकलेल्या मातीत काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे. खोदणाऱ्याला सोने मिळालेले नसते, आणि आपल्यासाठीही तिथे काही उरलेले नसते. तेव्हा छापील प्रबंधात नेमके आकडे देऊ नयेत, तालुका आणि खोरे एवढेच द्यावे आणि संपूर्ण तक्ता विद्यापीठात स्वतंत्र जमा करावा.

परंतु वनविभागापासून ती लपवावीत या मताशी मी सहमत नाही. जंगलातल्या शिळावर्तुळाला गुप्तधनवाल्याइतकाच धोका दगडी बांधाच्या अंदाजपत्रकापासून असतो. नाला अडवायचा असतो, दगड जवळपास गोळा करायचे असतात, आणि एका जागी सोयीने मांडलेले मोठे गोटे मजुराच्या नजरेस पडतात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. तो दगड काय आहे हे त्या कामावरच्या एकाही माणसाला कोणी सांगितलेले नसते. अमेरिकेत कामाआधी तपासणी सक्तीची आहे म्हणून तिथे गोपनीयता परवडते. आपल्याकडे तशी सक्ती वनविभागाच्या रोजच्या कामांना नाही. अशा परिस्थितीत माहिती दडवली तर स्थळ अज्ञानापोटी नष्ट होईल, एवढाच फरक पडेल.

---

साजाधावडा

खापरखुणा यांनी बांधाचा उल्लेख केला तो मला थोडा बोचला, पण तो खोटा नाही. त्यावर मार्ग आहे आणि तो कागदावरच आहे. प्रत्येक वनविभागाची साधारण दहा वर्षांची कार्य आयोजना असते आणि प्रत्येक कक्षाचा इतिहास नोंदवून ठेवलेला असतो. कोणत्या वर्षी कोणते काम कुठे घ्यायचे हे आयोजनेवरून ठरते. आपण काम संपवल्यावर प्रबंधाची जाडजूड प्रत कार्यालयाला भेट देऊ नका. ती कपाटात जाते. त्याऐवजी एकेका पानाची कक्षनिहाय टिपणे द्या. कक्ष क्रमांक, स्थळाचे जीपीएस स्थान, एक छायाचित्र ज्यात माणूस उभा आहे म्हणजे आकार कळेल, आणि खाली एकच विनंती: या बिंदूपासून अमुक मीटरच्या आत चर खोदू नये, दगड उचलू नये, जाळरेषा वळवावी. अशी विनंती असलेला कागद कक्षाच्या इतिहासाला जोडला गेला तर बदली होऊन आलेला नवा अधिकारीही तो पाहतो. माहिती फुटण्याचा धोका मी नाकारत नाही. तो कमी करण्यासाठी टिपणे उपवनसंरक्षकांच्या नावे बंद पाकिटात द्यावीत आणि परिक्षेत्राला फक्त त्यांच्या हद्दीतली द्यावीत.

---

वैनगंगेपलीकडे (प्रतिसाद)

चर्चा वाचून एक मुद्दा राहून गेल्यासारखा वाटला म्हणून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आमच्याकडे अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. मेंढा-लेखाचे नाव सर्वांनी ऐकलेले असेलच. अशा जंगलात वनविभागाचे पत्र हातात असले तरी ग्रामसभेला विचारल्याशिवाय फिरणे योग्य नव्हे. नागपूर जिल्ह्यातील आपल्या कक्षांपैकी कोणत्या भागावर असे हक्क मान्य झाले आहेत हे जिल्हाधिकारी कार्यालयातून आधी पाहून घ्यावे.

ग्रामसभेत जाण्याचा लाभ केवळ परवानगीपुरता नसतो. तेंदूपाने तोडणाऱ्या बाया आणि गुराखी ज्या वाटांनी जातात त्या वाटा आपल्या कोणत्याही नकाशावर नसतात. शिवाय काही दगड लोकांच्या देवांचे असतात. शेंदूर लावलेला दगड दिसला की नवा अभ्यासक तो महापाषाण आहे का हे पाहायला पुढे सरसावतो; तिथे चपला काढाव्या लागतात का, बायकांनी जावे का, छायाचित्र चालते का, हे आधी विचारावे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडसारख्या ठिकाणी माघ पौर्णिमेला हजारो गोंड भाविक जमतात. त्यांच्या दृष्टीने ती गुहा गवेषणाचे स्थळ नसून पूर्वजांचे ठाणे आहे, आणि आपली नोंदवही उघडण्यापूर्वी हे ध्यानात असावे. यात्रेच्या आठवड्यात तिकडचे काम ठेवू नये हे ओघानेच आले.

---

पेंचकाठ

आपला मुद्दा खरोखरच माझ्या यादीत नव्हता. अर्जासोबतच संबंधित ग्रामसभांना पत्रे पाठवण्याचे ठरवले आहे. साजाधावडा सर, कक्षनिहाय टिपणात विनंतीचे अंतर किती मीटर लिहावे याविषयी आपला काही अंदाज आहे का? कायद्याने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित क्षेत्र असते, पण ही स्थळे संरक्षित यादीत नाहीत, आणि १०० मीटर मागितल्यास कोणी मान्य करणार नाही अशी शंका वाटते.

---

साजाधावडा

शंका रास्त आहे. १०० मीटर मागितले तर अर्धा उतार कामातून वगळावा लागेल आणि टिपण बाजूला पडेल. शिळावर्तुळाच्या बाहेरच्या दगडापासून २० ते ३० मीटर मागावे. तेवढे अंतर चराची आखणी थोडी वर-खाली करून सहज सोडता येते. वर्तुळे गटाने असतील तर प्रत्येकाभोवती वेगळे अंतर न मागता संपूर्ण गटाची एकच सीमा काढून द्यावी आणि तिच्या कोपऱ्यांचे आकडे लिहावेत. आणि टिपणे नोव्हेंबरच्या आत पोहोचतील असे पाहावे, कारण पुढल्या वर्षीच्या कामांची अंदाजपत्रके त्यानंतर तयार होऊ लागतात. एकदा जागेची आखणी झाली की ती बदलायला कोणी तयार होत नाही.